बुंदीचा पहिला धडा

बदनापुरात बेबीनंदाच्या दाराला कडी आहे, बेल आहे, आणि भिंतीला भिंत लावून उषाबाई आहे. उषाबाईने हाक मारली की स्टेशनात तिकिटाच्या रांगेतली माणसं मागे वळून बघतात. बेबीनंदा तेवढी वळत नाही. चौदाव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. ताप गेला तो कान घेऊन गेला. बोलणं टिकलं, लिहिता-वाचता येत होतं तेही टिकलं, आणि समोरच्याच्या ओठांवरून शब्द उचलायला ती तिची ती शिकली. लोकांना वाटतं बहिऱ्याशी ओरडून बोललं म्हणजे झालं. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं आणि समजणार असतं तेही समजत नाही. पण लोकांना कोण शिकवणार? बेबीनंदाने तो नाद केव्हाच सोडला. ती गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवते, आणि ज्याला तिच्याशी बोलायचं असेल तो मशीनसमोर येऊन बोलतो.

समोर येऊन कसं बोलायचं हे तिच्या नवऱ्याला, राजानंदला, फार लवकर कळलं होतं. तो जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीच्या गोदामात कामाला होता. लग्न ठरलं तेव्हा त्याला झुपकेदार मिशी होती. पहिल्या भेटीत तो बोलत राहिला आणि ती मिशीकडे बघत राहिली. त्याला वाटलं, पोरगी लाजते. खरी गोष्ट कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने मिशी उडवली. बाप जिवंत असताना मिशी काढली म्हणून गावाकडे, हसनाबादेत, त्याचं हसू झालं. "ही जुनी खुळं आपण छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच सोडली," असं त्याचे वडील अण्णासाहेब चारचौघांत म्हणाले खरे, पण स्वतःची मिशी कुरवाळत म्हणाले. अण्णासाहेबांची मिशी वरचा ओठ झाकून खाली उतरलेली. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासऱ्याचं एक अक्षर बेबीनंदाला थेट कळलं नव्हतं. ते बोलायचे आणि राजानंद तेच पुन्हा तिच्याकडे तोंड करून सांगायचा.

राजानंदचा आवाज कसा होता हे तिला कधीच कळलं नाही. त्याचं तिला फार वाईटही वाटत नसे. तिला त्याचं तोंड पाठ होतं.

त्यांची मुलगी पायल चालायला लागली तशी आईचा कान झाली. दूध उतू चाललं, कुकरची शिट्टी झाली, दारात कोण आलं, सगळं ती पदर ओढून सांगायची. ती नर्सिंगला संभाजीनगरच्या होस्टेलवर गेली आणि बेबीनंदाचे हाल सुरू झाले. एकदा डाळ कुकरसकट जळाली. एकदा पाण्याची मोटर सुरूच राहिली आणि उषाबाईच्या अंगणात तळं झालं. तेव्हा राजानंदने मोबाइलवर पुण्याची शीतल शोधून काढली. शीतलला स्वतःला ऐकू येत नव्हतं. तिची कुत्री तिला बेल, शिट्टी, हाक, सगळं गुडघ्याला नाक लावून सांगायची आणि आवाज जिथून आला तिथे घेऊन जायची. अशा कुत्र्या कशा तयार करायच्या हे शीतल लोकांना लिहून आणि व्हिडिओवर करून दाखवून शिकवत होती.

राजानंद स्टेशनामागच्या पिल्लांपाशी स्टीलचं ताट घेऊन गेला आणि ते फरशीवर पाडलं. बाकीची शेपूट घालून पळाली. एक पिल्लू तेवढं ताट हुंगायला आलं. तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून तिचं नाव बुंदी पडलं.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आवाज करायचा, दुसऱ्याने बसून राहायचं. कुत्रीने येऊन गुडघ्याला नाक लावलं की उठायचं, तिच्यामागे जायचं, आणि पोचलं की खाऊ द्यायचा. खाऊ म्हणजे चिमूटभर सुकट. ती ठेवायला बेबीनंदाने कमरेला एक चंची शिवून घेतली. बेबीनंदा तंबाखू खायला लागली, असं उषाबाईने महिनाभर गल्लीत सांगितलं.

शीतलने दोन गोष्टी निक्षून लिहिल्या होत्या. एक, कुत्रीने सांगितलं की उठायचंच, हातात काहीही काम असो. तुम्ही उठला नाहीत तर ती एक दिवस सांगायचं सोडून देईल. दुसरी, सुरुवात बेलने करा. पहिला धडा सगळ्यात खोल जातो, तेव्हा तो कधी न बदलणाऱ्या वस्तूचा घ्या, माणसाचा घेऊ नका.

पहिली गोष्ट दोघांनी पाळली. दुसरी राजानंदने पाळली नाही. त्याने पहिला धडा घेतला आपल्या मोटारसायकलचा.

"बेल काय, कोण बी वाजवतंय," तो उजेडाकडे तोंड करून म्हणाला. "मी तर रोज येतो. मी आलो हे तुला पहिलं कळू दे."

यात त्याचं काही चुकलं असं मला तरी म्हणवत नाही. इतकी वर्षं तो संध्याकाळी घरी यायचा तो बेबीनंदाच्या मागूनच. ती मशीनवर वाकलेली असायची, तो खांद्याला हात लावायचा आणि ती दचकायची. सुई बोटात गेल्याच्या खुणा आहेत तिच्या. रोज येणाऱ्या माणसाला बघून रोज दचकायचं, हे त्याला मनातून लागत असणार. मग तो गल्लीच्या तोंडाशी गाडी न्यायचा, सुरू करायचा, दारापर्यंत यायचा. पुन्हा न्यायचा, पुन्हा यायचा. पोरंसोरं हसायची. बुंदी शिकली. तशा शंभर गाड्या गल्लीतून जात, पण बुंदी उठायची ती एकाच गाडीला. ती नाक लावायची, बेबीनंदा दार उघडायची, आणि राजानंद गाडी स्टँडला लावत असायचा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या आधी दारात उभी राहू लागली. तो हेल्मेट काढायच्या आतच हसायचा, ते तिला काचेतून दिसायचं.

बेल, शिट्टी, मोटर, मोबाइल, हे सगळं बुंदी नंतर शिकली आणि चोख शिकली.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. राजानंद दुपारी गोदामात डबा खाऊन उठला आणि तिथेच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचा धाकटा भाऊ सूरज बदनापुरातच मागच्या गल्लीत राहतो, कृषी संशोधन केंद्राच्या शेतावर कामाला जातो. त्याला फोन गेला आणि तो तडक जालन्याला पळाला. वहिनीला फोनवर सांगता येत नाही, आणि असलं लिहून पाठवायला त्याचा हात धजला नाही. समोर जाऊनच सांगू, असं त्याने ठरवलं. इकडे गोदामातल्या राधेश्यामला वाटलं, गेटवर बेवारशी गाडी राहिली तर रातोरात जाईल. बिचाऱ्याने आपल्या परीने भलंच केलं. तो राजानंदची गाडी घेऊन बदनापूरला निघाला.

बातमीच्या आधी गाडी आली.

बेबीनंदा काज करत होती. बुंदीने नाक लावलं, नेहमीसारखी शेपूट हलवत दाराकडे निघाली, आणि बेबीनंदा नेहमीसारखी हसत मागे गेली. दार उघडलं तर गाडीपाशी राधेश्याम. हातात हेल्मेट आणि किल्ली. तो काहीतरी बोलला असता तर तिने वाचलं असतं. पण त्याचे ओठ हललेच नाहीत. बुंदी त्याच्याभोवती फिरली, गाडीमागे जाऊन बघून आली, आणि बेबीनंदापुढे येऊन बसली. तिने काम बरोबर केलं होतं, ती खाऊची वाट बघत होती. बेबीनंदाने सवयीने चंचीत हात घातला आणि चिमूटभर सुकट तिला दिली. ती चिमूट आजही तिच्या बोटांना टोचते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंते आले, पाहुणे जेवून गेले, पायल काही दिवस राहून परीक्षेसाठी परत गेली. गाडी उभी राहून गंजेल म्हणून अण्णासाहेबांनी ती सूरजला वापरायला दिली. आणि सूरजचा घरी जायचा रस्ता बेबीनंदाच्या दारावरून जातो.

पहिल्या संध्याकाळी गुडघ्याला नाक लागलं तेव्हा बेबीनंदा उठली नाही, धावली. वेड्या जिवाला काय सांगायचं? दार उघडलं तर सूरज गाडीवरून मान वळवून बघत होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने मन घट्ट करून ठेवलं होतं, तरी नाक लागलं आणि ती धावलीच. आता तिला ठाऊक होतं की तो येणार नाही. पण बुंदीला कोणी सांगितलं नव्हतं. आणि बुंदीने सांगितलं की उठायचं, हा नियम होता. बुंदीने काम सोडलं तर बेबीनंदाला या घरात एकटीने राहता येणार नव्हतं. म्हणून ती रोज उठायची, दार उघडायची, सूरज जाताना बघायची, बुंदीला खाऊ द्यायची आणि दार लावून भिंतीला टेकून रडायची. आपल्या रडण्याचा आवाज होतो का, किती होतो, हे तिला कळत नसे. उषाबाईला कळत असणार.

उषाबाईला मात्र दुसरंच दिसत होतं. नवरा जाऊन महिना-दोन महिने झालेली बाई रोज सांजच्याला नटल्यासारखी, हा उषाबाईचा शब्द, दारात उभी राहते आणि दीर गेला की दार लावते. बोलणाऱ्याचं तोंड कोणी धरावं? बोलणं मागच्या गल्लीत गेलं, सूरजच्या बायकोने, प्रियाने, बेबीनंदाकडे टाकलेला ब्लाउज न शिवताच परत नेला, आणि तिथून ते हसनाबादला पोचलं.

अण्णासाहेब आले. खाटेवर बसून बराच वेळ बोलले. बेबीनंदा मिशीकडे बघत राहिली. मग त्यांनी सूरजला खूण केली आणि सूरज मान खाली घालूनच सांगायला लागला, तेव्हा तिने त्याची हनुवटी धरून वर केली.

"अण्णा म्हणून राह्यले, हसनाबादला चल. एकटी बाई, ऐकू येत न्हाई, लोक काय बी बोलून राह्यले. घर मोठं हाय. मशीन बी तिकडंच नेऊ."

"मी कशाला उठते ते माहीत हाय का मामांना?" बेबीनंदा म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. गाडीचं, पहिल्या धड्याचं, राधेश्याम आला त्या संध्याकाळचं. अण्णासाहेबांनी ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. पोटचा पोरगा गेला होता आणि सुनेची अब्रू चव्हाट्यावर आली होती, एवढंच त्यांना दिसत होतं.

"अण्णा म्हणले, बुद्ध पौर्णिमेला येतो. तवर हे बिलकुल बंद व्हायला पायजे. न्हाई तर सामान बांधायचं."

हसनाबादला गेली असती तर दोन वेळचं जेवण होतं, माणसं होती. पण तिथे तिच्याकडे तोंड करून बोलणारं कोणी नव्हतं. तिथे ती कोपऱ्यातली बहिरी झाली असती. या घरात ती बेबीनंदा टेलर होती.

सूरज म्हणाला, "मी नाल्याकडून फिरून जातो ना वहिनी. दूर पडतं, पण जाईन." बेबीनंदाने शीतलला लिहिलं. शीतलचं उत्तर आलं, "त्याने भागणार नाही. बुंदीला मागच्या गल्लीतूनही ऐकू जाईल, आणि एखाद दिवशी ती रस्त्यावर धावेल. गाडी विकली तरी गावातच कोणी घेईल. आवाज विझवावा लागेल. सूरजने रोज यायचं, गाडी सुरू ठेवून दारात थांबायचं. बुंदी सांगेल. तुम्ही उठायचं नाही, बघायचं नाही, हात लावायचा नाही. बाकी आवाजांना दुप्पट खाऊ. सोडून देण्याआधी ती जास्त जोर करेल. तेव्हा ढळलात तर धडा आणखी पक्का होईल."

बेबीनंदाने विचारलं, "तिला काय वाटेल?"

शीतलने लिहिलं, "तिला वाटेल, तुम्ही आता तिचंही ऐकत नाही."

राजानंदने जिथे गाडी सुरू ठेवून शिकवलं होतं, तिथेच सूरज गाडी सुरू ठेवून उभा राहायला लागला. आत बेबीनंदा मशीनवर बसायची. नाक लागायचं. ती कापडाकडे बघायची. बुंदी दाराकडे जायची, कोणी मागे येत नाही हे बघून परत यायची, पुन्हा नाक. मग पंजा. मग साडीचा काठ दातात धरून हलकेच ओढायची. तिला वाटत असणार, एवढी मोठी बातमी आणि बाई हलत कशी नाही? बेबीनंदाच्या डोळ्यांतून पाणी गळून ब्लाउजपीसवर डाग पडायचे, आणि ती डागावरूनच शिवण घालायची. नवऱ्याची गाडी तिने कधी ऐकली नव्हती. ती गाडी कशी वाजते ते जगात तिच्यासाठी फक्त बुंदीला ठाऊक होतं, आणि तेच तिला बुंदीकडून पुसून घ्यायचं होतं. असलं काम वैऱ्यावर येऊ नये.

चैत्राच्या उन्हात एका संध्याकाळी बुंदीने फारच जोर केला. नाक, पंजा, साडी, दाराशी जाऊन येणं, पुन्हा साडी. शीतलने सांगितलं होतं तसंच सगळं. बेबीनंदाने दात आवळले आणि जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने बुंदी तिच्यापासून लांब, मोरीपाशी जाऊन बसली. बेबीनंदाला वाटलं, जिंकलं आपण.

थोड्या वेळाने सूरज मागच्या दाराने आला. त्याचं तोंड बघूनच तिचे हात थांबले.

"वहिनी, अण्णा पौर्णिमेच्या आधीच आल्ते. मी गाडीवर स्टँडवरून आणलं, दारात सोडलं आन् दूध आणायला गेल्तो. किती बेल वाजवली म्हणले. पायरीवर बसून राह्यले उन्हात. उषाबाईनं पाणी दिलं."

बुंदी गाडी सांगत नव्हती. बुंदी बेल सांगत होती.

यात कोणाला बोल लावायचा? बुंदी फक्त आवाज झाला एवढंच सांगते. कोणता झाला हे बेबीनंदाला दारात गेल्यावरच कळायचं. न जाता ती कशाला नकार देत होती हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. कानवाल्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. एका आवाजाला विझवायला बसली आणि खऱ्या कामावरही तिने पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीला बुंदी उठली, अर्ध्यात थांबली, आणि बेबीनंदाकडे बघत उभी राहिली. तुला सांगू का नको, असं तिचं बघणं होतं. ते बघून बेबीनंदाने स्वतःच उठून गॅस बंद केला.

अण्णासाहेब सूरजकडे राहिले आणि सकाळीच हसनाबादला गेले. पौर्णिमेला टेम्पो घेऊनच येतो, असा निरोप ठेवून गेले.

तोड शीतलनेच सांगितली. सूरजने दारात गाडी थांबवली की मोबाइलवर मेसेज टाकायचा. मोबाइल बेबीनंदाच्या कमरेला चंचीशेजारी. तो थरथरला आणि मग नाक लागलं तर गाडी, न थरथरता नाक लागलं तर उठायचं. साधी गोष्ट होती, आधी सुचली नाही. पहिल्या संध्याकाळी मोबाइल थरथरला, तिने बघितलं. सूरजने लिहिलं होतं, "आलो".

त्या दिवशी तिच्याने काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सूरजला बोलावून सांगितलं, "भाऊ, शब्द नका लिहू. नुसतं टिंब पाठवा." सूरजला कळलं नाही, पण त्याच्या बायकोला कळलं. प्रिया त्याच दुपारी ब्लाउज घेऊन परत आली, आणि माप देताना तिने बेबीनंदाचा हात बराच वेळ सोडला नाही.

उषाबाईलाही प्रियानेच सांगितलं असावं. उषाबाई आली, मशीनसमोर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता बोलली. "माझं तोंड सडलं व्हतं बघ," ती म्हणाली. बेबीनंदाने तिला बेल वाजवायचं काम दिलं. उषाबाईला बेल देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. दिवसातून केव्हाही वाजवायची, भाजी निवडता निवडता उठून वाजवायची. पण त्या बेलीनेच बुंदीचा विश्वास परत आला. ती सांगायची, बेबीनंदा धावायची, दोन चिमटी सुकट द्यायची आणि दारातली उषाबाई परीक्षेत पास झाल्यासारखी हसायची.

आणि मग वैशाखातल्या एका संध्याकाळी मोबाइल थरथरला. टिंब. बेबीनंदाने गुडघा घट्ट केला आणि वाट बघितली. काही लागलं नाही. तिने हळूच मान वळवली. बुंदी फरशीवर पसरली होती. तिचा एक कान उभा राहिला, दाराच्या दिशेने वळला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि खाली पडला. तिने हनुवटी पंजांवर टेकली आणि डोळे मिटले.

शीतलला कळवल्यावर तिने अभिनंदन लिहिलं, धडा पुन्हा जागा होऊ नये म्हणून सूरजला अजून काही दिवस येत राहू द्या असं लिहिलं, खाली फुलं पाठवली. बेबीनंदा फुलांकडे बघत बसली. या घरात राजानंद येईल असं मानणारा एकच जीव उरला होता. आज त्यानेही मानायचं सोडलं.

पौर्णिमेला सकाळी बेल वाजली. बुंदीने नाक लावलं, मोबाइल गप्प होता, बेबीनंदा उठली. दार उघडलं तर पांढऱ्या सदऱ्यात अण्णासाहेब उभे, अजून बोट बेलवरच. लांब रस्त्याशी टेम्पो होता. पण बेबीनंदाचं टेम्पोकडे लक्ष गेलं नाही.

अण्णासाहेबांनी मिशी काढली होती.

बाप गेल्यावर मुलाने मिशी काढायची रीत लोकांत आहे. मुलगा गेल्यावर बापाने काढायची रीत कुठेही नाही. आणि मिशीखालून उघडं पडलेलं ते फिकट तोंड राजानंदचं होतं. तोच वरचा ओठ, बोलायच्या आधी डावीकडे किंचित ओढला जाणारा. तिला पाठ असलेलं तोंड म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हललं.

"राजू गेला," अण्णासाहेब हळू, एकेक शब्द करत म्हणाले. "मंग माझं बोलणं तुला कोण सांगणार? म्हणून काढली. कळून राह्यलं का?"

तिने मान हलवली. तिच्या सासऱ्याचं तिने थेट उचललेलं ते पहिलं बोलणं.

"एका बेलीत उघडलंस. सूरजनं सगळं सांगितलं मला. मी उगंच लोकांचं ऐकलं." त्यांचा ओठ डावीकडे ओढला गेला. "राहा पोरी इथंच. टेम्पो परत धाडतो."

बेबीनंदा त्यांच्या पाया पडायला वाकली. तिला ते तोंड आणखी बघवत नव्हतं. बुंदी मधे येऊन बसली आणि खाऊ मागायला लागली. तिचं काम चोख झालं होतं.

दुपारी खीर झाली. ऊन उतरल्यावर अण्णासाहेब, प्रिया आणि उषाबाई विहारात वंदनेला गेले. हातातला ब्लाउज पुरा करून येते म्हणून बेबीनंदा मागे राहिली. घर तिचं राहिलं होतं. मशीन जागेवर होती, बुंदी फरशीवर झोपली होती, आता कशाचीच भीती नव्हती. उजेड खिडकीतून खाली सरकला, कापडावर तिरपा पडला, आणि तिच्या उजव्या गुडघ्याला काहीतरी थंड, ओलं लागलं.

तिने खाली बघितलं. तिथे काही नव्हतं. बुंदी होती तिथेच होती. कमरेचा मोबाइल थरथरला, टिंब.

बुंदीचा धडा विझवायला शीतल होती, सूरज होता, अख्खी गल्ली होती. बेबीनंदाच्या गुडघ्याचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने सुई वर घेतली, कापड बाजूला ठेवलं आणि उठली. दाराशी गेली. कडी काढली. बाहेर सूरज गाडीवर होता. तिला बघून त्याने चाट पडून हात वर केला आणि पुढे निघून गेला. ती गल्लीच्या तोंडापर्यंत बघत उभी राहिली.

मागे बुंदीने मान उचलली. ती उठून आली, बेबीनंदाशेजारी उभी राहिली, कान टवकारून तिने बाहेरचा कानोसा घेतला, आणि मग वर, बेबीनंदाच्या तोंडाकडे बघितलं. तिला सांगण्यासारखं काहीच ऐकू आलं नव्हतं.